दसऱ्याचे कूच, उन्हाळ्याचा मुक्काम : दूरच्या युद्धात नागपूरकर भोसले (१७७८-१७८१)

रायपूरच्या तात्यापारा चौकातून जाणाऱ्या रस्त्याला गावातील लोक आजही जी. ई. रोड म्हणतात. ग्रेट ईस्टर्न रोड हे त्याचे इंग्रजी अमदानीतील पूर्ण नाव. नागपूर, रायपूर, संबळपूर अशी ही वाट इंग्रजांनी पक्की केली. परंतु नागपुराहून पूर्वेकडे फौजा, जासूद, व्यापारी आणि यात्रेकरू जाण्याचा परिपाठ त्याच्या कितीतरी आधीचा आहे. १७४१ मध्ये भास्करपंत कोल्हटकर बंगालच्या स्वारीवर निघाले तेव्हा वाटेत त्यांनी रतनपूरच्या हैहयवंशी राजाला नमवले. छत्तीसगढातील मराठी अंमलाचा पाया असा, दुसरीकडे जाता जाता पडला. पुढे १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहू लागले. मराठी भाषा, मोडी लिपी आणि दसऱ्याला सोने वाटण्याची चाल या प्रांतात त्यांच्या काळात रूढ झाली असे छत्तीसगढच्या इतिहासकारांचे मत आहे. तात्यापारा या नावातही या संपर्काची खूण दिसते. त्यातले पहिले पद मराठी घरातले आहे, दुसरे छत्तीसगढी. बूढापारा, ब्राह्मणपारा यांच्या पंक्तीत बसणारे.

मराठ्यांचा इतिहास आपण बहुधा पुण्यात बसून वाचतो. तो या रस्त्यावर उभे राहून वाचला तर काही प्रसंगांचे अर्थ बदलतात. त्यांपैकी एकाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रश्न जुना आहे आणि आजचाही आहे : ज्या युद्धाचे कारण आपल्या घरात नाही, ज्याची रणभूमी आपल्या सीमेपासून दूर आहे, अशा युद्धाबाबत लहान सत्ता आपली भूमिका कशी ठरवते?

'लहान' हा शब्द येथे क्षेत्रफळाचा नव्हे. १७७८ मध्ये नागपूरकरांचे राज्य वऱ्हाडापासून कटकापर्यंत पसरलेले होते. तरीही पुणे आणि कलकत्ता या दोन सत्ताकेंद्रांच्या मध्ये ते लहानच होते. कारण युद्ध सुरू करणे किंवा थांबवणे त्याच्या हाती नव्हते. त्याच्याकडे कोणी सल्ला मागत नव्हते, मागत होते ते फौज आणि वाट. मुधोजी भोसल्यांची घरची स्थितीही भक्कम नव्हती. १७७५ च्या जानेवारीत पाचगावच्या लढाईत भाऊ साबाजी मारले गेले, त्यानंतर कारभार मुधोजींकडे आला. सेनासाहेबसुभ्याचे पद मात्र त्यांचे पुत्र आणि जानोजींचे दत्तक रघुजी यांच्या नावे होते. पदाला पुण्याची मान्यता हवी, आणि तिजोरीला कोठून तरी पैसा हवा, अशा अवस्थेत दोन्हीकडचे खलिते नागपुरास येऊ लागले.

युद्ध होते ते रघुनाथरावांच्या पेशवेपदाच्या दाव्यावरून पुणे दरबार आणि मुंबईकर इंग्रज यांच्यात पेटलेले. रणभूमी साष्टी, गुजरात आणि बोरघाट. नागपुराशी त्याचा प्रत्यक्ष संबंध नव्हता. संबंध जडला तो वॉरन हेस्टिंग्जने मुंबईच्या मदतीला बंगालची फौज जमिनीवरून पाठवण्याचे ठरवले तेव्हा. कर्नल लेस्लीची पलटणे १७७८ च्या मे महिन्यात काल्पीहून निघाली. जुलैत फ्रान्सशी युद्ध सुरू झाल्याची वार्ता कलकत्त्यास पोहोचली, आणि आदल्या वर्षी पुण्यात उतरलेल्या सां-ल्युबें या फ्रेंच वकिलाची भीती हेस्टिंग्जला अधिकच वाटू लागली. अमेरिकेतील वसाहतींच्या बंडाचा लोट फ्रान्समार्गे असा महानदीच्या खोऱ्यापर्यंत आला. दूरचे युद्ध जवळ येते ते सहसा असेच, तिसऱ्याच युद्धाच्या पाठीवर बसून.

नागपूरला आपल्या बाजूस वळवण्यासाठी हेस्टिंग्जने अलेक्झांडर एलियट या आपल्या विश्वासातील तरुणाला रवाना केले. मुधोजींपुढे ठेवायचे आमिष साधे नव्हते. साताऱ्याचे छत्रपती रामराजे १७७७ च्या डिसेंबरात वारले होते. भोसले कुळाच्या नात्याने त्या गादीवर मुधोजींनी हक्क सांगावा आणि कंपनीने त्याला पाठबळ द्यावे, अशी ही कल्पना होती. एलियट कटकास आला तेव्हा चंदननगरहून निसटलेला फ्रेंच गव्हर्नर शव्हालिए तेथे होता. एलियटने त्याला ताब्यात मिळवले. नागपूरकरांच्या मुलखात, नागपूरकरांच्या सुभेदाराच्या डोळ्यांदेखत, फ्रेंच-इंग्रज युद्धातील एक कैदी पकडला गेला. अशा किरकोळ वाटणाऱ्या घटनेतच तटस्थतेचा पहिला निर्णय होऊन जातो, आणि तो राजाने नव्हे तर सरहद्दीवरच्या अंमलदाराने घेतलेला असतो.

एलियट नागपुरास पोहोचलाच नाही. पावसाळ्याच्या अखेरीस छत्तीसगढातील सारंगढजवळ तापाने त्याचा मृत्यू झाला. तारीख १२ सप्टेंबर १७७८. हेस्टिंग्जने तेथे त्याचे स्मारक बांधवले. तुलनाकारांना रस वाटावा अशी गोष्ट ही, की १७८५ मध्ये विलायतेस परतताना हेस्टिंग्जने जहाजावर हॉरेसच्या एका स्तोत्राचे इंग्रजी रूपांतर जॉन शोअरला उद्देशून रचले, आणि शांत निवृत्तीची थोरवी गाणाऱ्या त्या लॅटिन कवितेत त्याने एलियटच्या अकाली मृत्यूला जागा करून दिली. छत्तीसगढच्या जंगलातील एक मुत्सद्दी मोहीम इंग्रजी वाङ्मयात शिल्लक उरली ती शोकाच्या रूपाने. सारंगढच्या राजाच्या दृष्टीने ती काय होती, हे कोणत्याच वाङ्मयात उतरलेले दिसत नाही.

लेस्लीच्या मृत्यूनंतर फौजेची सूत्रे कर्नल गॉडर्डकडे आली. डिसेंबरच्या आरंभी तो नर्मदेवर होशंगाबादेस पोहोचला आणि नागपूरच्या उत्तराची वाट पाहत सहा आठवडे थांबला. त्याच नर्मदेच्या पट्ट्यात भोपाळच्या नवाबाने, हयात महंमद खानाने, इंग्रज फौजेला रसद आणि वाट दिली. भोपाळला मराठ्यांचा वेढा कायमचा. त्यातून सुटण्याची संधी त्याने पाहिली आणि एकाच बाजूवर सगळे पणाला लावले. मुधोजींनी तसे केले नाही. साताऱ्याच्या गादीचे बोलणे त्यांनी स्वीकारले नाही, मोडूनही टाकले नाही. योग्य वेळ येईपर्यंत ते लांबणीवर टाकले. गॉडर्ड जानेवारीच्या मध्यास निघून गेला. त्याच सुमारास वडगावी मुंबईकर इंग्रजांचा पुरता पाडाव झाला. आदल्या महिन्यात मुधोजींनी होकार भरला असता तर त्यांची काय गत झाली असती, याचा हिशेब नागपूर दरबाराने निश्चितच केला असणार.

वडगावनंतर नाना फडणिसांनी मांडलेला डाव मोठा होता. पुणे, हैदराबाद, म्हैसूर आणि नागपूर या चौघांनी इंग्रजांवर एकाच वेळी चारी बाजूंनी चालून जावे : पुणेकरांनी गुजरातेत गॉडर्डशी लढावे, हैदरने कर्नाटकात उतरावे, निजामाने उत्तर सरकार घ्यावे, आणि भोसल्यांनी बंगालवर जावे. कागदावर ही योजना निर्दोष होती. त्या चौघांत जिवावर उदार होऊन तिची अंमलबजावणी करणारा पुण्याबाहेरचा एकच निघाला, तो हैदर. निजामाला हेस्टिंग्जने गुंटूर परत करून थंड केले. राहिले भोसले.

भोसल्यांनी फौज पाठवली, आणि येथूनच या प्रसंगाची खरी गंमत सुरू होते. १७७९ च्या दसऱ्याला मुधोजींचे दुसरे पुत्र खंडोजी ऊर्फ चिमणाजी सुमारे तीस हजार स्वारांनिशी नागपुराहून निघाले. दसरा हा शिलंगणाचा दिवस. त्या दिवशी सीमोल्लंघन झाले म्हणजे पुण्याच्या आज्ञेचे पालन झाले. पुढे कोठे, किती वेगाने जायचे याबद्दल शास्त्र काही सांगत नाही. ही फौज कटकास पोहोचली ती १७८० च्या मे महिन्यात. अंतर आठशे किलोमीटरच्या घरातले, काळ सात महिन्यांचा, आणि तोही पावसाळ्याचा अडथळा नसलेला, कोरड्या ऋतूचा. सरासरी काढली तर दिवसाला चार किलोमीटरही पडत नाहीत. गॉडर्डने बऱ्हाणपूर ते सुरत हे अंतर तीन आठवड्यांच्या आत तोडले होते. मराठी घोडदळाची ख्याती ज्या वेगावर उभी होती तोच येथे जाणूनबुजून गहाण टाकला गेला. मधल्या काळात मुधोजी कलकत्त्यास कळवत होते की पुण्याच्या दडपणामुळे फौज पाठवावी लागली, बंगालला तिच्यापासून भय नाही. बेनीराम पंडित हे त्यांचे वकील कलकत्त्यास हेस्टिंग्जच्या खास मर्जीत होते. इतके, की १७८१ च्या ऑगस्टमध्ये चेतसिंगाच्या उठावात हेस्टिंग्ज बनारसेत अडकला असता बेनीरामांच्या भावाने त्याला लाखभर रुपये देऊ केले.

आजच्या राजनीतीच्या परिभाषेत आपण 'भूमिका घेणे' असे म्हणतो. हा शब्द नाट्यशास्त्रातून आलेला, नटाच्या सोंगाचा. अठराव्या शतकातील पत्रव्यवहारात या अर्थाने वावरतात ते शब्द वेगळे : स्नेह, सलूख, भरवसा, मर्जी. ते सगळे नात्याचे आहेत, मताचे नाहीत. युद्ध न्याय्य की अन्याय्य, रघुनाथरावांचा दावा खरा की खोटा, याविषयी नागपूरचे मत काय, हा प्रश्न पुण्यानेही विचारला नाही आणि कलकत्त्यानेही नाही. विचारले गेले ते एवढेच, की तुम्ही कोणाचे स्नेही. या प्रश्नाला दोन उत्तरे देता येतात, विशेषतः ती दोन लिप्यांत लिहिली जात असतील तर. पुण्याशी बोलणे मराठीत, मोडीत, कलकत्त्याशी फारसीत. त्या फारसी पत्रव्यवहाराचे इंग्रजी सार पुढे सरकारी खंडांतून छापले गेले, मराठी कागद वेगळ्या संग्रहांत आले, आणि संशोधकही भाषेनुसार वाटले गेले. मुधोजींचे दुटप्पीपण म्हणून जे ओळखले जाते त्याचा काही भाग आपल्या अभ्यासाच्या या फाळणीतून जन्मलेला आहे, असे मला वाटते. दोन्ही भाषांतील कागद शेजारी ठेवले की दिसते ते एकच धोरण : कोणालाही अखेरचा नकार द्यायचा नाही, आणि अखेरचा होकारही नाही.

याच वर्षी, १७८० मध्ये, युरोपच्या दुसऱ्या टोकाला रशियाच्या कॅथरीनच्या पुढाकाराने सशस्त्र तटस्थतेचा संघ उभा राहिला. डेन्मार्क-नॉर्वे आणि स्वीडन त्यात सामील झाले. तटस्थ जहाजांवरील माल जप्त करता येणार नाही, असा त्यांचा जाहीरनामा होता. त्या तटस्थतेचा लाभ कलकत्त्याच्या उशाशीच, हुगळीकाठच्या श्रीरामपूर या डेनिश वसाहतीला भरभरून झाला. डेन्मार्कची तटस्थता समुद्रावरची, म्हणून ती कलमांत लिहिता आली. जहाज आपले, पाणी कोणाचेच नाही. नागपूरची तटस्थता जमिनीवरची होती. तिला कलमे नव्हती. ती मुक्कामांच्या संख्येत लिहिली गेली. 'तटस्थ' या शब्दाचा मूळ अर्थ काठावर उभा असलेला. चिमणाजींचे तीस हजार स्वार महानदीच्या काठावर अक्षरशः तसे उभे होते. २०२२ च्या २ मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युक्रेनच्या प्रश्नावर १४१ देशांनी ठरावाच्या बाजूने आणि ५ देशांनी विरोधात मत दिले, तर भारतासह ३५ देश मतदानापासून अलिप्त राहिले. त्या ३५ जणांसाठी निदान पटलावर एक रकाना होता. मुधोजींना तोही नव्हता.

काठावर उभ्या असलेल्या फौजेलाही वैरण लागते. हेस्टिंग्जने प्रथम तीन लाख रुपये गुपचूप पाठवले. १७८१ च्या जानेवारीत कर्नल पिअर्सची फौज मद्रासच्या मदतीसाठी मेदिनीपूरहून निघाली. आधीच्या सप्टेंबरात पोल्लिलूरला हैदरने बेलीच्या तुकडीची धूळधाण उडवली होती आणि मद्रासचा धीर सुटला होता. पिअर्सची वाट ओडिशाच्या किनाऱ्याने, म्हणजे भोसल्यांच्या मुलखातून जात होती. ती अडवणे चिमणाजींना सहज शक्य होते. त्यांनी ती अडवली नाही. कटकचे सुभेदार राजाराम पंडित कलकत्त्यास जाऊन बोलणी करून आले आणि एप्रिलमध्ये आणखी तेरा लाखांवर तडजोड ठरली.

या सोळा लाखांना म्हणायचे काय? १७५१ च्या तहाने अलीवर्दीखानाने बंगालच्या चौथाईपोटी दरसाल बारा लाख रुपये नागपूरकरांना कबूल केले होते. कंपनीकडे दिवाणी आल्यानंतर ती रक्कम थकली. नागपूरच्या वहीत ही रक्कम थकबाकीच्या वसुलीसारखी दिसणे स्वाभाविक होते. कंपनी चौथाईचा हक्क मानायला तयार नव्हती. तिच्या लेखी हा अडचणीत सापडलेल्या स्नेह्याच्या फौजेला केलेला खर्च होता. पुण्याच्या दृष्टीने ती सरळसरळ लाच. पहिल्या तीन लाखांच्या हिशेबाची चिकित्सा पुढे हेस्टिंग्जवरील आरोपांच्या निमित्ताने इंग्लंडातही झाली. एकाच पैशाला तीन भाषांत तीन नावे. आणि कोणते नाव टिकले यावरून मुधोजींचे चारित्र्य ठरले. मराठी इतिहासलेखनात टिकले ते पुण्याचे. यादव माधव काळे यांचा 'नागपूर प्रांताचा इतिहास' १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि नागपूरकडील कागदांच्या आधारे या घराण्याची कहाणी सविस्तर मांडली गेली. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची भोसल्यांची बखर तर त्याआधीची, कंपनीची छाया राज्यावर पडल्यानंतरच्या काळातली. तरीही शालेय पुस्तकापासून ऐतिहासिक कादंबरीपर्यंत सर्वत्र 'भोसले फितले' हे एक वाक्य पुरेसे मानले जाते.

मला या वाक्याचा प्रतिवाद करायचा आहे. पण भोसल्यांची वकिली करायची नाही. नागपूरहून पाहिले तर निर्णय समजण्यासारखा आहे. बंगालवर चालून गेले असते तर हरण्याची जोखीम नागपूरची, आणि जिंकले असते तर तहाच्या टेबलावर बसणार पुणे. साडेतीन शहाण्यांत गणना झालेले दिवाकरपंत चोरघडे ऊर्फ देवाजीपंत तेव्हा नागपूरच्या कारभारात होते. त्यांना हे गणित समजावून सांगण्याची गरज नव्हती. १७८२ च्या मेमध्ये सालबाईचा तह झाला तो पुणे आणि कंपनी यांच्यात, महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने. ज्याने सर्वांत जास्त रक्त सांडले तो हैदर त्या तहाच्या वेळी एकटाच लढत होता, आणि आर्काटातील मुलूख त्याने परत करावा असे कलम त्याला न विचारता त्यात घातले गेले. म्हणजे चौकडीतील स्नेह्याला सोडून देण्याचा दोष एकट्या नागपूरच्या माथी मारता येत नाही.

खरा आक्षेप निराळा आहे, आणि तो ओडिया भाषेत नोंदवलेला आहे. कटकास थांबलेल्या फौजेचा खर्च भागेना तेव्हा ती आसपासच्या गडजात संस्थानांकडे वळली. ढेंकानाळचा राजा त्रिलोचन महिंद्र बहादुर याने विरोध केला आणि चिमणाजींच्या सैन्याशी त्याचे युद्ध झाले. ब्रजनाथ बडजेना या कवीचे 'समरतरंग' हे काव्य याच युद्धावर आहे. अठराव्या शतकातील ओडिया काव्य प्रामुख्याने पुराणकथा आणि शृंगार यांत रमलेले असताना एका समकालीन लढाईवर रचलेले हे काव्य वेगळे उठून दिसते. ज्या मोहिमेला मराठी इतिहास 'न लढलेली मोहीम' म्हणतो, तीच ओडियात वीरकाव्याचा विषय झाली. पुणे म्हणते, भोसले लढले नाहीत. ढेंकानाळ म्हणते, भोसले आमच्याशी लढले. दोन्ही विधाने एकाच फौजेविषयी, एकाच काळातली आणि दोन्ही खरी आहेत.

दूरच्या युद्धातून अंग काढून घेणाऱ्या सत्तेला आपली किंमत आणखी लहान सत्तेकडून वसूल करता येते, हे या दोन वाङ्मयांना शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. मराठी साधने ढेंकानाळला फार तर वाटेतला एक मुक्काम समजतात. गंगारामाच्या 'महाराष्ट्रपुराण' या १७५१ च्या सुमाराच्या बंगाली काव्याकडे आपण निदान 'बंगालमधील मराठे' म्हणून वळतो, कारण तेथे भास्करपंत आहेत, स्वारी आहे, प्रत्यक्ष बर्गी आहेत. 'समरतरंग'कडे वळायला आपल्याला तसे निमित्त नव्हते. आपल्या समजुतीप्रमाणे १७८०-८१ मध्ये तेथे काही घडलेच नव्हते. तौलनिक अभ्यासाने येथे प्रभाव किंवा अनुवाद शोधण्याआधी एक साधे काम करायला हवे : एका भाषेत जे मौन आहे त्याच्या शेजारी दुसऱ्या भाषेतील शब्द ठेवणे.

मुधोजी १७८८ मध्ये वारले. नागपूरच्या नव्या पिढीने पुढच्या इंग्रज युद्धात नेमका उलटा निर्णय घेतला. १८०३ मध्ये दुसरे रघुजी शिंद्यांच्या बरोबरीने युद्धात उतरले. वसईच्या तहाने पेशवेच कंपनीचे अंकित झाल्यामुळे आता हे युद्ध दूरचे राहिलेले नाही, असे त्यांना वाटले, आणि ते चुकीचे नव्हते. मात्र अडगावला पराभव झाला, गाविलगड पडला, आणि १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने कटक गेले. त्याआधीच, सप्टेंबरात, कर्नल हारकोर्टची फौज गंजामहून निघून पुरीमार्गे कटकाकडे आली होती, आणि १४ ऑक्टोबरला तिने बाराबाटीचा किल्ला घेतला. बावीस वर्षांपूर्वी पिअर्सची पलटणे ज्या किनाऱ्याच्या वाटेने दक्षिणेकडे गेली होती, त्याच वाटेने ही फौज उत्तरेकडे चालत आली.